पानी कुठनं आनत्यात?

२०२१ च्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. पुण्यात तीन दिवस सूर्य दिसला नव्हता आणि टीव्हीवर चिपळूण पाण्यात बुडालेलं दिसत होतं. आवाज मी बंद करून ठेवला होता. आईला ते बघवत नव्हतं आणि ती टीव्ही बंदही करू देत नव्हती. खिडक्यांच्या गजांपर्यंत आलेलं गढूळ पाणी, त्यात तरंगणारी भांडी, गच्चीवरून हात हलवणारी माणसं. महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाल्याची पट्टी खालून सरकत होती. आमचा माण तालुका आणि महाबळेश्वर एकाच सातारा जिल्ह्यात. माणात अख्ख्या वर्षाची सरासरीसुद्धा एवढी नाही. आईला अक्षर ओळखता येतं, पण सरकती पट्टी तिला धरता येत नाही. ती नुसती त्या पाण्याकडं बघत बसली होती, मांडीवर निवडायला घेतलेली मेथी तशीच ठेवून.

तेवढ्यात लेक लॅपटॉप घेऊन आली. "आई, 'ड्यून'चा नवा ट्रेलर आलाय. बस इथं, पहिल्यांदा तुझ्याबरोबर बघायचा म्हणून थांबलेय." मी पदराला हात पुसत बसले. मावळतीच्या उन्हातली वाळू, तिच्यावर चमचमणारी, 'मसाला' म्हणतात त्या मोलाच्या पदार्थाची धूळ, एका मुलीचा आवाज तिच्या ग्रहाचं रूप सांगणारा. मग चतुरासारखे पंख फडफडवत उडणारी यानं, पेटीत हात घालून कळ सोसणारा पोरगा, आणि शेवटी वाळू फाडून वर आलेलं त्या महाकाय किड्याचं तोंड. माझ्या हातावर काटा आला. लेक माझ्याकडंच बघत होती, मला आवडतंय की नाही ते.

आईनंही बघितलं होतं. मेथीची काडी हातात धरून सगळं बघितलं होतं. ट्रेलर संपल्यावर तिनं विचारलं, "आगं, ह्या मुलकात मानसं पानी कुठनं आनत्यात?"

लेक हसली. "आजी, तो दुसरा ग्रह आहे. खोटा आहे."

"खोटा का आसंना. मानसं ऱ्हात्यात न्हवं तिथं? मग पानी?"

मी म्हटलं, "सांगते नंतर." आणि उठून कणीक मळायला घेतली.

ते 'नंतर' अडीच महिने राहून गेलं.

का राहिलं, ते मला आता हा सिनेमा आठवड्यावर आल्यावर कळायला लागलंय. तो ज्यावरून काढलाय ती फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' कादंबरी १९६५ सालची. माझ्याजवळ ती ३३ वर्षं आहे. इतक्या वर्षांत मी ती कितीजणांना सांगितली असेल! नवऱ्याला, हॉस्टेलच्या मैत्रिणींना, लेकीला तर ती दहावीत असल्यापासून. प्रत्येकानं किड्यांबद्दल विचारलं. तो पोरगा राजा होतो का, हे विचारलं. तो मसाला म्हणजे अफूसारखं काही आहे का, हे विचारलं. पाणी कुठून आणतात हे कुणीच विचारलं नाही. आणि ती सगळी साडेपाचशे-सहाशे पानं याच एका प्रश्नाभोवती फिरतात. आईनं तीन मिनिटांची चित्रं बघून, भाषा कळत नसताना, तिथंच बोट ठेवलं. मग मी उत्तर का टाळलं? उत्तर लांबलचक होतं म्हणून नाही. ते उत्तर मला तिच्याकडूनच आलेलं होतं, आणि तेच तिला परत सांगायचं कसं, ते सुचत नव्हतं.

१९८८ साली मी माणातल्या म्हसवडहून पुण्याला शिकायला आले. डेक्कनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत हे जाडजूड पुस्तक पडलेलं होतं, वरचं कव्हर फाटलेलं. विक्रेत्यानं पंधरा रुपये सांगितले, मी दहाला घेतलं. इंग्रजी सुधारायला जाड पुस्तक बरं, एवढाच हिशेब. पहिली शंभर पानं शब्दकोश उघडा ठेवून वाचली. घराणी कळेनात, पंथ कळेनात, शेवटी जोडलेली शब्दांची यादीही अर्धी परकी. सोडून देणार होते. मग तो प्रसंग आला. वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांचा म्होरक्या स्टिलगार नव्या सरदाराला भेटायला येतो आणि त्याच्यासमोर टेबलावर थुंकतो. सरदाराची माणसं हत्यारांना हात घालतात. त्यांच्यातला एकजण, जो या लोकांत राहून आलेला असतो, सगळ्यांना आवरतो आणि स्टिलगारचे आभार मानतो. तुझ्या अंगातली ओल तू आम्हाला दिलीस, म्हणून.

मी पुस्तक मिटून छातीशी धरलं. खोलीत बाकीच्या दोघी झोपल्या होत्या. अंगातली ओल देणं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एप्रिलमध्ये माणगंगेच्या कोरड्या पात्रात आम्ही पोरी झरे उकरायचो. वाळू कोपरभर, मग खांद्याएवढी खोल. वरची वाळू पांढरी आणि तापलेली, खाली जाईल तशी करडी, मग काळपट, आणि बोटांना पहिला गारवा लागला की सगळ्या गप्प व्हायच्या. पाणी लगेच यायचं नाही. बुडाला वाटीएवढा खळगा करून त्याच्याकडं बघत बसायचं. कडेनं वाळूचा एकेक कण ओला होऊन काळा पडायचा. मग चमचाभर पाणी. ते गढूळ, ते ओतून द्यायचं. दुसरंही ओतून द्यायचं. तिसऱ्या वाटीपासून घागरीच्या तोंडाला फडकं बांधून भरायला सुरुवात. एका घागरीला किती वाट्या लागतात ते प्रत्येकीला पाठ असायचं. माझ्या घागरीला ९०. उभं राहताना चुंबळीवर घागर हिंदकळून एक ओंजळ जरी मानेवरून पाठीत गेली तर गार वाटायचं, आणि त्याच क्षणी पोटात खड्डा पडायचा. घरी आल्यावर आई घागर खाली उतरवून घ्यायची आणि आत वाकून बघायची. बोलायची नाही. नुसती बघायची.

म्हणून अराकिस नावाचा तो ग्रह मला परका वाटलाच नाही. कादंबरीतली माणसं अंगात 'स्टिलसूट' घालतात. घाम, श्वासातली वाफ, मूत्र, सगळं गाळून पुन्हा प्यायला देणारा तो पोशाख. चांगला शिवलेला असेल तर दिवसाकाठी शिंप्याच्या टोपणात मावेल एवढीच ओल वाया जाते. माणूस मेला की त्याचं पाणी टोळीचं. पॉल नावाच्या त्या पोराला टोळीतल्या जामिसशी लढून त्याला मारावं लागतं, आणि मग रीतीप्रमाणे जामिसचं पाणी त्याच्या नावावर होतं. ३३ लिटर आणि वर थोडंसं, थेंब न थेंब मोजलेला. त्याच्या बदल्यात हातात धातूची कडी देतात, पाण्याचा हिशेब म्हणून. आणि त्याच्या आधी, जामिसला निरोप देताना, पोराच्या डोळ्यांतून पाणी येतं. सगळी टोळी थिजून जाते. मेलेल्यासाठी यानं पाणी दिलं! कुणी पुढं होऊन त्याच्या ओल्या गालाला बोट लावून बघतं.

मी त्या पानावर रडले होते, आणि रडताना त्या रडण्याचीच लाज वाटली होती. असलं वाचन पुन्हा कधी झालं नाही.

आता हे सगळं पडद्यावर येतंय. तेही पहिल्यांदा नाही. सत्तरच्या दशकात दिग्दर्शक अलेहांद्रो होदोरोव्स्कीनं याच्यावर सिनेमा करायचा घाट घातला होता, साल्वादोर दाली आणि ऑर्सन वेल्स यांना घेऊन, तो कागदावरच राहिला. २००० साली टीव्हीसाठी मालिका झाली, तिच्यातलं वाळवंट रंगवलेल्या पडद्यासारखं दिसतं. या दोन्हींबद्दल मला फार बोलायचं नाही. बोलायचंय ते १९८४ साली डेव्हिड लिंचनं केलेल्या सिनेमाबद्दल, कारण त्याच्याशी माझं भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

तो मी १९९९ मध्ये बघितला, नवऱ्याच्या मित्रानं आणून दिलेल्या सीडीवर. लेक तेव्हा पाळण्यात होती. दोन तास सतरा मिनिटांत अख्खी कादंबरी कोंबलेली. पात्रं मनातलं सगळं कुजबुजून सांगतात आणि घाई कुठंच थांबत नाही. तरी मी सोसलं, कारण त्यातली राजवाड्यांची सोनेरी लाकडं आणि ते चेहरे मला आवडत होते. मग शेवट आला. पॉल जिंकतो, आणि आभाळ भरून येतं, आणि अराकिसवर पाऊस पडतो.

पाऊस! कादंबरीत असा पाऊस नाही, आणि असूच शकत नाही. पाणी हे त्या किड्यांचं विष आहे. ज्या मसाल्यासाठी सारं विश्व एकमेकांच्या जिवावर उठलंय तो मसाला या किड्यांपासून येतो. असा ढगफुटीसारखा पाऊस पडला तर किडे मरतील, मसाला संपेल, फ्रेमेनांचं सगळं जगणंच बुडेल. हर्बर्टनं पानांमागून पानं खर्चून सांगितलंय की हिरवळ आणायची तर एकेक गवताचं पातं लावत आणायची, तीनशे ते पाचशे वर्षं लागतील, आणि सगळीकडं आणायची नाही, किड्यांसाठी वाळवंट राखून ठेवायचं. इतक्या मोजून-मापून मांडलेल्या गोष्टीवर लिंचनं चमत्काराची बादली उपडी केली. मला संताप आला होता. नवऱ्याला रात्री बारा वाजता उठवून मी हे ऐकवलं होतं.

पण खरं सांगायचं तर संताप नंतर आला. आधी तो पाऊस पडला तेव्हा, त्या क्षणी, मी खुर्चीत पुढं सरकले होते. माझं तोंड उघडं होतं. जून कोरडा, जुलै कोरडा, आणि एखाद्या ऑगस्टच्या दुपारी कुसळांच्या माळावर पहिला टपोरा थेंब फुटतो तेव्हा ओसरीवरची सगळी माणसं जशी काही न बोलता उठून अंगणात येतात, तसं माझं अंग आपोआप उठलं होतं. पुस्तकाच्या दृष्टीनं तो शेवट साफ चुकीचा, आणि माझ्या हाडांना तो हवा होता. २२ वर्षं झाली, या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही. नव्या सिनेमाकडून मी काय मागतेय, असा प्रश्न पडतो तेव्हा हीच गाठ आडवी येते.

ही कादंबरी सुचली कशी, ते मी पुष्कळ उशिरा वाचलं. हर्बर्ट पत्रकार होता. १९५७ साली तो अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात फ्लॉरेन्स नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी गेला. तिथल्या वाळूच्या टेकड्या वाऱ्यानं सरकत रस्ते आणि घरं गिळत होत्या, आणि सरकारच्या शेतीखात्यानं त्यांच्यावर चिवट गवत लावून त्या जागच्या जागी बांधायचा उपाय चालवला होता. त्यावर एक लेख लिहायचा होता. लेख पुरा झाला नाही, पण वाळू थोपवणारी माणसं त्याच्या डोक्यातून गेली नाहीत. पुढं मासिकातून कथा आली, पुस्तकाला वीसेक प्रकाशकांनी नकार दिला, आणि शेवटी मोटारदुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनानं ते छापलं. ते छापणाऱ्याचे मी मनातल्या मनात किती वेळा आभार मानले असतील.

पुस्तकाची अर्पणपत्रिका मला पाठ आहे. ती कुण्या राजाला नाही, बायकोला नाही. कोरडवाहू जमिनीच्या अभ्यासकांना आहे, ते कुठंही असोत, कोणत्याही काळात काम करत असोत. ज्यांचे कष्ट कल्पनेपाशी न थांबता खऱ्याखुऱ्या वस्तूंपर्यंत पोचतात अशा माणसांना.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई २६ वर्षांची होती. आधी ती खडी फोडायला जायची, नंतर पाझर तलावाच्या कामावर. मी चार वर्षांची, बाभळीखाली धाकट्या भावाच्या झोळीला झोके देत बसलेली. मला आठवतं ते सुकडीचं गोडसर पीठ, टाळूला चिकटणारं, आणि लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा वास. आठवतात त्या बायकांच्या रांगा, डोक्यावर मातीची घमेली, चढावर जाताना उलटं पडणारं ऊन. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर असल्या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, हे मी मोठेपणी वाचलं. तेव्हा माझ्या लेखी सगळी माणसं तेवढ्या एका बांधावरच होती. आईच्या उजव्या तळहाताला अंगठ्याखाली एक पांढरी चीर अजून आहे, खडीची कपची घुसली होती ती. थंडीत ती चीर ताणते आणि आई तिच्यावर खोबरेल चोळत बसते.

पाझर तलावाचं नावच सांगतं तो कशासाठी ते. त्यातलं पाणी डोळ्यांना दिसावं म्हणून नसतं, त्यानं जमिनीत उतरावं म्हणून असतं. दिवाळी सरली की तलाव आटायला लागतो, आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी चढतं. म्हणजे ज्यांनी माती वाहिली त्यांच्याच विहिरीला ते लागेल असं नाही. आई अजून सांगते, "आमी खांदला, हिरी खालच्या आळीच्या भरल्या." त्यात तक्रार असते की अभिमान, हे मला कधी नीट उमगलं नाही. दोन्ही असावं.

कादंबरीत पार्डोट काइन्स नावाचा एक संशोधक आहे. तो फ्रेमेनांना शिकवतो की हवेतली ओल धरा, दंव गोळा करा, टेकड्यांच्या वाऱ्याआडच्या उतारावर गवत लावा, पाणी गुहांमध्ये साठवा, तुमच्या नातवंडांच्या नातवंडांना झाडाची सावली मिळेल. त्याच्यानंतर त्याचा मुलगा लिएट हेच काम पुढं नेतो, आणि एक दिवस शत्रू त्याला स्टिलसूट काढून घेऊन वाळवंटात टाकून देतात. तहानेनं मरताना त्याला भास होतो, मेलेला बाप शेजारी उभा राहून पाण्याचे आणि गवताचे धडे देतोय. मला त्या अख्ख्या पुस्तकात सगळ्यात जवळचं वाटणारं मरण ते. नव्या सिनेमात लिएट काइन्स बाई आहे, शॅरन डंकन-ब्रूस्टर ती भूमिका करतेय. पुष्कळ लोक यावरून नाराज झाले. मला मात्र बातमी वाचल्यावर पहिला विचार आला तो घमेली वाहणाऱ्या त्या रांगेचा. आमच्याकडं पाण्याचं काम बायकांचंच. वाळूत पाणी शोधणारी बाई असणं मला अजिबात खटकत नाही. तिचं मरण ते कसं दाखवतात, एवढ्याचीच धाकधूक आहे.

दुसरी धाकधूक खजुरांची. सरदाराच्या वाड्यासमोर २० खजुराची झाडं आहेत. येणारे-जाणारे लोक त्यांच्याकडं विचित्र नजरेनं बघतात, आणि सरदाराच्या बाईला, जेसिकाला, ती नजर कळत नाही. मग वैद्य तिला हिशेब सांगतो. एका खजुराला दिवसाला ४० लिटर पाणी. एका माणसाला ८. म्हणजे एक झाड पाच माणसांइतकं. वीस झाडं म्हणजे शंभर माणसं. एवढंच संभाषण, पण ते वाचल्यापासून उभ्या उसाकडं मला साध्या डोळ्यांनी बघता आलेलं नाही. माणातून डोंगर उतरून फलटणकडं गेलं की नीरेच्या कालव्याचा मुलूख लागतो. लहानपणी एसटीच्या खिडकीतून तो हिरवागार ऊस दिसला की आम्ही पोरं आनंदानं ओरडायचो. आई ओरडायची नाही. ती पाटातल्या पाण्याकडं बघायची, जसं घागरीत वाकून बघायची तसंच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं तेव्हा ते वाघिणींचं चित्र सगळीकडं होतं. माझ्या डोक्यात तेव्हा वैद्याचा हिशेब सुरू झाला होता. एका वाघिणीला किती माणसं, एका एकराला किती वाघिणी. मी कागद घेऊन बसले आणि थोड्या वेळानं तो कागद फाडून टाकला.

तर हा प्रसंग सिनेमात असेल का? स्टिलगारचं थुंकणं असेल का? जेवणाच्या दालनाच्या दारात पाण्याची भांडी ठेवून, पाहुण्यांनी हात बुडवून मुद्दाम जमिनीवर पाणी सांडायची ती उर्मट रीत, आणि बाहेर उभे असलेले भिकारी, ज्यांना त्या ओल्या पंचांचं पिळलेलं पाणी मिळायचं, ते असेल का? दिग्दर्शक डेनी व्हिलन्यूव्हनं ही कादंबरी कोवळ्या वयात वाचली आणि तेव्हापासून मनात धरली, असं तो सांगतो, आणि त्यावर माझा विश्वास बसतो. वाळवंटाचं चित्रण त्यानं जॉर्डन आणि अबूधाबीच्या खऱ्या वाळूत केलंय. हे मोठ्या पडद्यासाठीच बनवलंय म्हणून तो जाहीरपणे भांडलाही. पण तो पुस्तकाचा अर्धाच भाग करतोय आणि उरलेल्याची, हे लिहितेय तेव्हा तरी, खात्री नाही. जामिसचं पाणी अर्ध्यात येतं की अर्ध्यानंतर? मी पुस्तक काढून पानं मोजली. मध्याच्या जरासं पुढं. कात्री नेमकी तिथंच पडायची भीती.

आणखी एक गोष्ट होतेय, ती मला आवडत नाही. माझ्या मनातला अराकिस पुसट व्हायला लागलाय. ट्रेलर मी पंधरा-वीस वेळा बघितला असेन. आता पुस्तक उघडलं की जॉर्डनची लालसर वाळू समोर येते, ती भव्य आहे, डोळे दिपवणारी आहे. माझी वाळू पांढरी आणि करडी होती. तिच्यात शेळ्यांच्या लेंड्या होत्या, चिंध्या होत्या, काठाला वेड्या बाभळी होत्या. जेसिका ओलाव्यासाठी हात घालायची ती वाळू म्हसवडच्या पुलाखालची होती. हा सिनेमा चांगला झाला तर ती वाळू जाईल, आणि वाईट झाला तर राहील. तरी तो चांगलाच व्हावा असं मला मनापासून वाटतंय.

राज्यातली चित्रपटगृहं २२ ऑक्टोबरपासून उघडणार असं सप्टेंबरअखेर जाहीर झालं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून. आणि आपल्याकडं 'ड्यून' लागण्याची तारीखही २२ ऑक्टोबर. लेकीनं हे मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं तेव्हा तिचा आवाज कापत होता. कोरोनामुळं कित्येक महिने बंद असलेला पडदा उजळणार आणि त्याच्यावर पहिल्यांदा तीच वाळू! तिकिटं किती काढायची, तिनं विचारलं. मी म्हटलं, तीन.

आईला मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विचारलं. तिचे दोन्ही डोस झालेत, गुडघे तेवढे कुरकुर करतात. ती बाल्कनीत होती. पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी धरायला तिनं नळीखाली पातेलं ठेवलेलं असतं, ते भरलं की बादलीत, बादलीतलं तुळशीला आणि फरशीला. आठ वर्षं ती आमच्याकडं आहे, एक पातेलं वाया गेलेलं मी बघितलं नाही. "सिनेमाला येतेस का? तो वाळूचा." ती म्हणाली, "पानी कुठनं आनत्यात ते सांगनार हुतीस."

तिच्या लक्षात होतं.

मग मी बसले आणि सांगितलं. माझ्या तोंडून ते आमच्याच भाषेत यायला लागलं, म्हसवडच्या. अंगातला घाम गाळून पितात. मेलेल्या माणसाचं पाणी सगळ्यांचं होतं. दंव धरतात. तिनं मधे मधे 'हं' म्हटलं, घाम पिण्यावर तोंड वाकडं केलं, दंव धरण्यावर मान डोलावली. मग मी गुहांचं सांगितलं. डोंगराच्या पोटात तळं आहे, कोट्यवधी लिटर पाणी, अंधारात झाकलेलं. अशी हजारो तळी. पुढंमागं सगळा मुलूख हिरवा करायचा म्हणून साठवलेलं. टोळीतलं माणूस तहानेनं व्याकूळ झालं तरी त्याला हात लावत नाही.

मला वाटलं होतं तिला हे सगळ्यात आवडेल. पाझर तलावासारखंच ना? आपण खांदायचं, पाणी पुढच्यांना.

तिचा हात पातेल्यावर थांबला. "तान्हेलं मानूस म्होरं आसताना?"

"हो. नातवंडांसाठी."

"आन् त्यो मेला तर? नातवंडं कुनाची?" तिच्या आवाजात राग होता. खराखुरा, शेजारच्या घरातल्या कुणावर यावा तसा. "पानी साठवावं, ग्वाड हाय. पर घोटभर मागनाऱ्याला न्हाय म्हनायचं, ही कसली रीत? आमी खडीवर व्हतो तवा एका तांब्यात धाजनी पीत व्हतो."

मी काही बोलले नाही. ३३ वर्षं मी त्या गुहेतल्या पाण्याकडं डोळे भरून बघत आले होते. त्या माणसांचा संयम मला देवळासारखा वाटत आला होता. तहानलेल्या माणसाच्या बाजूनं ती गुहा मी एकदाही बघितली नव्हती. आई बादली घेऊन आत गेली.

त्या रात्री ती माझ्या खोलीत झोपली होती, तिच्या खोलीतला पंखा बिघडलाय म्हणून. दिवा मालवून बराच वेळ झाला होता. परतीचा पाऊस लागला होता, खिडकीच्या पत्र्यावर टप टप चाललं होतं. मला वाटलं ती झोपली.

"त्या पोराला मेलेल्याचं पानी घावलं म्हनलीस. त्यानं पेलं का ते?"

"नाही गं. सगळ्यांच्या तळ्यात ओतलं."

थोडा वेळ नुसता पाऊस.

"बरं केलं," आई म्हणाली, आणि कुशीवर वळली. मग भिंतीकडं तोंड करूनच तिनं विचारलं, "किती वाजता हाय त्यो सिनेमा?"